दोन समुद्रांमधली चिंचोळी वाट

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना वाटून जातं. पैनगंगेचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला, तर नळगंगेचं पूर्णा-तापीतून अरबी समुद्राला. भारत आणि श्रीलंकेमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात हे दोन्हीकडचं पाणी जोडलं जातं. पण रामसेतूपाशी ते काही ठिकाणी जेमतेम एक मीटर खोल!

इथला प्रवाह संगणकावर मांडणं जिकिरीचं. संगणक समुद्राचे चौकोन पाडतो आणि वारा, तापमान, क्षारता धरून प्रत्येक चौकोनातली समीकरणं सोडवतो. चौकोन एका अंशाचा, म्हणजे सुमारे १११ किलोमीटरचा असेल, तर भारतातलं धनुष्कोडी ते श्रीलंकेतलं तलैमन्नार ही तीसेक किलोमीटरची वाट नकाशातून गायबच. मग शास्त्रज्ञ ती बंद धरतात, नाहीतर मुद्दाम रुंद करतात. लबाडीच म्हणा, पण हिशेबातली! चौकोन बारीक करता येतात. मात्र बाजू निम्मी केली की आकडेमोड साधारण आठपट वाढते.

हिवाळ्यात उपसागराचं कमी खारं पाणी अरबी समुद्रात येतं, ते या उथळ वाटेने कमी, मुख्यतः श्रीलंकेला वळसा घालून. अशाच संगणकी गणितांवरून समुद्राच्या प्रवाहांचे आणि लाटांचे अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था मच्छीमारांना नियमित पुरवते.