पावडर टाकण्याआधी मुंगी बघा

गेल्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि गप्पा मुंग्यांवर घसरल्या. प्रत्येकीच्या घरी मुंग्या, आणि उपाय एकच, पावडर. तीही चुलीपाशी, जिथं रांगतं पोर फिरतं. मग आम्ही गटातल्या चार घरी जाऊन मुंग्याच बघितल्या.

मोठा काळा मुंगळा सगळ्यांच्या ओळखीचा. चावला तर चिमटा बसतो, पण त्याला नांगी नसते. वालाच्या वेलावर मुंगळ्यांची रांग दिसली तर शेंडे आणि पानांची मागची बाजू बघा, तिथं मावा असेल. माव्याचा गोड रस प्यायला ते चढतात. साखरेतल्या बारीक पिवळसर मुंग्यांना पावडर कशाला? वासाच्या माग धरून त्या येतात. साबणाच्या पाण्यानं ती वाट पुसा आणि डबा पाण्याच्या परातीत ठेवा.

जपायचं ते आग करणाऱ्या लाल मुंगीला. ती तोंडानं कातडी धरते आणि मागची नांगी टोचते. नंतर तिथं फोड येतो. बाळाच्या ओठाला दूध लागलेलं असलं की ती तिथंच जाते. तोंड पुसूनच झोपवा, झोळीचा दोर रोज वरपर्यंत बघा, खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. चावल्यावर ओठ सुजले किंवा धाप लागली, तर हळद लावत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता वाळवी. तिला पांढरी मुंगी म्हणतात खरं, पण ती मुंगी नव्हेच, नात्यानं झुरळाच्या जवळची. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे येतात, त्यातला एक धरून बघा. कंबर बारीक आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, तर मुंगी. कंबर नाहीच आणि चारही पंख सारखे, तर वाळवी. सकाळी दिव्याखाली गळालेल्या पंखांचा ढीग दिसतो तो बहुधा हिचाच. जमिनीवर पावडर भुरभुरून ती जात नाही, तिचं घर मातीत खोल असतं. आणि नवी चौकट बसवायची म्हणजे पुन्हा गटाचं कर्ज!

तेव्हा उद्या सकाळी दाराची चौकट खालपासून बोटानं ठोकत जा. भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली किंवा लाकूड पोकळ वाजलं, तर येत्या बैठकीत सांगा. कणगी आणि वह्यांची पेटी मात्र आजच भिंतीपासून हातभर पुढं ओढा.