चेंडूमागे उभं राहून



२०१५ चा ऑक्टोबर महिना. दक्षिण कोरियातल्या इंचॉनमध्ये प्रेसिडेंट्स कप या गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस. या स्पर्धेत एका बाजूला अमेरिका असते आणि दुसऱ्या बाजूला युरोप सोडून उरलेलं जग. त्या जगाच्या संघात पहिल्यांदाच एक भारतीय होता, पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी. त्याचा सामना क्रिस कर्कशी. अठराव्या होलवर कर्कचा चेंडू सुमारे पंधरा फुटांवर आणि लाहिरीचा तीन-चार फुटांवर. कर्कने आपला चेंडू आत घातला. मग लाहिरीची पाळी आली. त्याचा चेंडू आत गेला नाही. सामना गेला, आणि अमेरिकेने ती स्पर्धा साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा अशी जिंकली.

ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर पोचल्यावर चेंडू जमिनीवरून घरंगळत होलकडे न्यायचा, तो फटका म्हणजे पट. त्याला ताकद लागत नाही. साठीतली बाई, बारा वर्षांचं पोर आणि जगज्जेता, तिघांच्याही अंगात त्यापुरता जोर असतोच. आणि बहात्तर पारच्या, म्हणजे बहात्तर फटक्यांत पूर्ण करायच्या मैदानाचा हिशेबच असा की प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात. म्हणजे ३६, बरोबर निम्मे फटके. तरीही कुठल्याही क्लबात सकाळी जाऊन बघा. ड्रायव्हिंग रेंजवर रांग आणि प्रॅक्टिस ग्रीनवर एखाददुसरा माणूस. मला याची मनापासून हळहळ वाटते, कारण सामान्य खेळाडूला सगळ्यात लवकर सुधारता येईल अशी जागा तीच आहे.

आधी हाताचं बघू. होलचा व्यास सव्वाचार इंच. सपाट ग्रीनवर सहा फुटांवरून मधोमध नेम धरला आणि चेंडूला लागताना पटरचं, म्हणजे पट मारायच्या काठीचं तोंड जेमतेम पावणेदोन अंश वळलेलं असलं, तर चेंडू मधोमध न जाता होलच्या काठावर पोचतो. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश सरकतो. त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हे कमी. पटर मागेपुढे कुठल्या वाटेने फिरतो यावर लोक तासन् तास बोलतात. पण चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः ठरतं ते पटरच्या तोंडावरून. म्हणून सरावाला दोन टी जमिनीत रोवा, पटरचं डोकं मधून निसटेल एवढ्याच अंतरावर, आणि त्या फटीतून चार फुटांचे पट मारा. मनगटं गप्प ठेवा, हालचाल खांद्यांतून होऊ द्या. पकड सैल असू द्या. मूठ आवळली की तोंड वळलंच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि माझ्या मते ही दिशेपेक्षा मोठी. हळू येणारा चेंडू काठाला लागला तरी आत कलंडतो. जोरात आलेला तोच चेंडू काठावरून गिरकी घेऊन बाहेर पडतो. म्हणजे वेग बेताचा असेल तर होल मोठं होतं. लांबच्या पटात तर सगळा खेळ वेगाचाच. तीस फुटांवरून दिशा फूटभर चुकली तरी दुसरा पट सोपा राहतो. वेग चुकला तर सहा-सात फूट उरतात आणि एकूण तीन पट होतात. याचा एक सराव फार गुणाचा आहे. लांबचा पट मारा, पण मान वर करू नका. चेंडू कमी पडला की पुढे गेला, हे आधी तोंडाने बोला आणि मगच बघा. थोड्याच दिवसांत हाताला अंतर कळू लागतं.

आता मनाचं. व्यावसायिक खेळाडू चार फुटांवरून दहातले नऊ पट घालतात, आठ फुटांवर मात्र निम्मेच. हा आकडा मनात पक्का ठेवा. जगातले उत्तम खेळाडू आठ फुटांवर निम्म्या वेळा चुकत असतील, तर आपण तिथे स्वतःला कोसायचं कारण नाही. आपल्या हातात चेंडू निघेपर्यंतचाच भाग आहे.

कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी पट मारताना खेळाडूंची नजर कुठे असते ते मोजलं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की चांगल्या खेळाडूंची नजर फटक्याआधी चेंडूवर जास्त वेळ स्थिर राहते. कच्च्या खेळाडूची नजर चेंडू, होल, पटर अशी भिरभिरते. म्हणून चेंडूच्या मागच्या बाजूची एकच खळी निवडा. दोन-तीन सेकंद तिच्यावर नजर ठेवा आणि चेंडू गेल्यावरही क्षणभर नजर तिथेच राहू द्या. छोटा पट पडला की नाही हे कानाने कळू द्या.

जर्मनीच्या बर्नहार्ड लांगरला तर हातच दगा देत. पट मारताना अचानक झटका यायचा. गोल्फवाले याला यिप्स म्हणतात. तो पुन्हा पुन्हा या दुखण्यातून गेला. १९९१ च्या रायडर कपमध्ये, म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप या स्पर्धेत, अमेरिकेतल्या किआवा आयलंडवर शेवटच्या सामन्याचा शेवटचा सहा फुटांचा पट त्याचा चुकला आणि कप युरोपच्या हातून गेला. पुढच्याच आठवड्यात त्याने जर्मन मास्टर्स जिंकली. डाव्या हाताच्या कोपराखालच्या भागाला पटरचा दांडा टेकवून उजव्या हाताने दोन्ही एकत्र धरायचे, अशी विचित्र दिसणारी पकड घेऊन १९९३ साली त्याने दुसऱ्यांदा अमेरिकेतली मास्टर्स पटकावली. लोक काय म्हणतील याची तमा बाळगली असती तर ही पकड त्याने कधी घेतलीच नसती. लाहिरीही थांबला नाही. विपश्यनेची साधना करणारा हा खेळाडू २०२२ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये दुसरा आला, अवघ्या एका फटक्याने मागे.

मला सांगायचं ते एवढंच: सगळा विचार चेंडूच्या मागे उभं राहून करा आणि चेंडूजवळ गेल्यावर नुसता पट मारा. उतार किती, वेग किती, वळण कुठून, हे मागेच ठरलं पाहिजे. उभं राहिल्यावर शंका आली तर सरळ बाजूला व्हा आणि पुन्हा मागे जा. यात लाज कसली?

आपल्याकडे बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर या मागच्या विचारात गवताचा कल धरावाच लागतो. गवत चकाकताना दिसलं तर ते तुमच्यापासून पुढे झुकलेलं असतं आणि चेंडू वेगाने जातो. काळपट दिसलं तर ते तुमच्याकडे झुकलेलं असतं आणि चेंडू अडतो. होलपाशी वाकून बघा. काठाची जी बाजू विस्कटलेली, झिजलेली असते, त्या बाजूला गवताचा कल. आणि सोबतच्या कॅडीला विचारा. तो त्या ग्रीनवर रोज वावरतो; सकाळच्या दवात चेंडू किती अडतो आणि दुपारी किती सुटतो, हे त्याला पाठ असतं. फक्त विचारायचं ते पवित्रा घेण्याआधी. तो “एक कप लेफ्ट”, म्हणजे होलच्या रुंदीइतकं डावीकडे, म्हणाला आणि तुम्हाला पटलं, की मगच पुढे व्हा.