सूर्यावरील वादळाची आगाऊ वर्दी



इ. स. १८५९ च्या सप्टेंबरची १ तारीख. रिचर्ड कॅरिंग्टन हे इंग्रज ज्योतिषी लंडनजवळच्या रेडहिल येथें आपल्या वेधशाळेंत सूर्यावरील डागांचें चित्र काढीत बसले होते. अकस्मात् डागांच्या एका मोठ्या समूहावर दोन ठिकाणीं डोळे दिपविणारा प्रकाश चमकला व पांचएक मिनिटांत मावळलाहि. त्यानंतर सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवरील चुंबकसूच्या थरथरूं लागल्या. आपल्या मुंबईंतील कुलाबा वेधशाळेनें त्या वेळीं टिपलेला चुंबकबलाचा उतार अभ्यासक आजहि आधारास घेतात. अमेरिकेंत बॉस्टन व पोर्टलंड येथील तारमास्तरांनीं तर बॅटऱ्या सोडवून ठेविल्या, आणि वादळानें तारेंत उत्पन्न केलेल्या विजेवरच परस्परांशीं संभाषण केलें!

त्या काळीं ही गंमत ठरली. पुढें मात्र गंमत राहिली नाहीं. १३ मार्च १९८९ रोजीं कॅनडांतील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा अवघ्या ९० सेकंदांच्या सुमारास कोसळला, व साठ लाख माणसें नऊ तास विजेवांचून राहिलीं. आणि हें वादळ १८५९ च्या मानानें सौम्यच होतें.

आतां कोणी म्हणेल, सूर्यावर स्फोट झाला कीं दुर्बिणींतून दिसतोच. मग निराळा पहारा कशाला? शंका रास्त आहे. प्रकाश आपणांपर्यंत सव्वाआठ मिनिटांत येतो. त्यामागून विद्युद्भारित वायूचा लोट आपलें चुंबकत्व बरोबर घेऊन एक ते तीन-चार दिवसांनीं पोहोंचतो. पण तो घात करील कीं नाहीं, हें त्या चुंबकत्वाच्या दिशेवर अवलंबून. ती दक्षिणेकडे असली तर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचें दार उघडतें. उत्तरेकडे असली तर लोट बहुधा बगल देऊन जातो. ही दिशा दुरून खात्रीनें वाचतां येत नाहीं. त्यासाठीं उपकरण प्रत्यक्ष त्या प्रवाहांतच नेऊन ठेवावें लागतें.

तशी एक सोयीची जागा सूर्याच्या बाजूस, पृथ्वीपासून सुमारें १५ लाख किलोमीटरांवर आहे. तेथें सूर्य व पृथ्वी यांच्या ओढींचा असा मेळ बसतो कीं, यान पृथ्वीच्या जोडीनेंच वर्षांत सूर्याभोंवतीं एक फेरा पुरा करतें. (तें खिळ्यासारखें स्थिर मात्र नसतें, त्या बिंदूभोंवतीं घिरट्या घालतें, आणि अधूनमधून इंधन जाळून त्यास सांवरावें लागतें.) अमेरिकेनें १९९७ सालीं 'एस' व २०१५ सालीं 'डिस्कव्हर' हीं यानें तेथें धाडिलीं. भारताचें 'आदित्य-एल१' २ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोटाहून निघालें आणि ६ जानेवारी २०२४ रोजीं तेथील कक्षेंत स्थिरावलें.

आतां शाळेंतलें त्रैराशिक मांडूं. सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर. चौकी १५ लाखांवर, म्हणजे अंतराच्या शंभराव्या हिश्शावर. कॅरिंग्टनच्या वादळास साडेसतरा तास, म्हणजे १०५० मिनिटें लागलीं. शंभरावा हिस्सा साडेदहा मिनिटें! वाटेंत लोट थोडा मंदावतो, म्हणून आणखी दोन-चार मिनिटें धरा. सेकंदास ४०० किलोमीटर वेगाचा नेहमींचा सौरवारा चौकीपासून येथें येण्यास तासभर घेतो. पण वादळ जितकें भयंकर, तितकी वर्दी अपुरी, असा हा विलक्षण हिशेब आहे.

एवढ्या अवधींत मोठीं रोहित्रें कांहीं बदलतां येत नाहींत. वाहिन्यांवरील भार उतरविणें, राखीव वीज हाताशीं घेणें, दुरुस्तीसाठीं बंद ठेविलेल्या वाहिन्या शक्य तर पुन्हां जोडणें, एवढेंच साधेल. आणि तेंहि आधींच ठरवून, तालीम करून ठेविलें असेल तरच.