छायाचित्राचे थर

गोंदियाच्या भातशेतांत पहाटे सारसांची जोडी टिपूं गेल्यास एक तर आकाश पांढरेंफटक येतें, नाहीं तर पक्षी काळेठिक्कर. म्हणून तिवईवरून दोन चित्रें घ्यावीं, एक आकाशासाठीं, दुसरें शेतासाठीं. आणि ‘फोटोशॉप’मध्यें तीं थरांसारखीं एकावर एक ठेवावीं. वरच्या, म्हणजे आकाशाच्या, थरास मुखवटा लावून शेतावर काळा कुंचला फिरविला, कीं तेथें खालचें शेत उघडें पडतें. पांढरा फिरविला, कीं पुन्हा झांकतें. वरचें चित्र खोडलें जात नाहीं, ही केवढी सोय! क्षितिजाशीं कुंचल्याची कड मऊ हवी. सारस मात्र एकाच चित्रांतले घ्यावे. मधल्या क्षणांत पक्षी पाऊल टाकतो आणि दोहोंचे तीन दिसतात. महाराष्ट्रांत सारस मुख्यत्वें याच जिल्ह्यांत उरले आहेत. गणनेसाठीं चित्र धाडावयाचें असेल, तर मूळ दोन्ही सोबत जोडावीं.