डिझेल कुठे मुरते?

(कामगार अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंधनबचतीची मोहीम निघाली की शेडमध्ये आणि मेल मोटार सर्व्हिसच्या आवारात फलक लागतात. थेंब थेंब वाचवा, असे त्यावर लिहिलेले असते. त्याला कोणाचीच हरकत नाही. पण तो थेंब इंजिनात कसा जातो, हे ज्यांच्या नावावर तेलाचा हिशेब मांडला जातो त्यांना तरी माहीत हवे. म्हणून आज इंजेक्शनविषयी बोलतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेल फवारायचे, म्हणजे ते आपोआप पेट घेते. फवारा किती बारीक, किती वेळेवर आणि किती लवकर संपणारा, या तीन गोष्टींवर खर्च ठरतो. जाड थेंब उशिरा जळतो. तोवर पिस्टन खाली गेलेला असतो आणि डिझेलचे पैसे धूर होऊन सायलेन्सरमधून निघून जातात.

रुडॉल्फ डिझेल यांच्या 1897 च्या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेपैकी 26 टक्क्यांहून अधिक काम काढून दाखवले. पण त्यात डिझेल दाबाच्या हवेने फुंकले जाई. त्यासाठी लागणारा अवजड कॉम्प्रेसर इंजिनाचीच ताकद खाई. 1927 पासून बॉशचे पंप कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले आणि डिझेल इंजिन ट्रकवर चढले. आपल्याकडे 1951 मध्ये स्थापन झालेल्या बंगलोरच्या मायको कंपनीमुळे हा पंप प्रत्येक फिटरच्या ओळखीचा झाला.

आता फरकांकडे वळू. पहिला फरक डिझेल कुठे फवारतात याचा. जुन्या मोटारींच्या आणि जीपच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत ते हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात फवारले जाई. तिथे दाब कमी लागे आणि आवाजही कमी होई. पण कप्प्याच्या भिंती आणि अरुंद तोंड उष्णता खात. तेच डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारले तर साधारण 10 ते 20 टक्के बचत होते. नुसत्या इंजेक्शनच्या रचनेतला सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

दुसरा फरक दाबाचा. रेल्वेचे डब्ल्यूडीएम-2 घ्या. अमेरिकेच्या अल्को कंपनीचा नमुना, 1964 पासून वाराणसीत बांधलेला, 16 सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. प्रत्येक सिलिंडरला कॅमवर चालणारा वेगळा पंप आणि तिथून इंजेक्टरपर्यंत नळी. पुढे इंधनबचतीसाठी जे बदल झाले त्यात या पंपाचा प्लंजर 15 मिलिमीटरचा 17 मिलिमीटर झाला. त्यामुळे तेवढेच डिझेल जास्त दाबाने, कमी वेळात आत जाऊ लागले. सुधारित टर्बो वगैरे बाकीच्या बदलांचाही त्या बचतीत वाटा होता.

नळीचा मात्र एक दोष आहे. सुई बंद झाल्यावरही नळीत दाबाची लाट मागे-पुढे होते. ती पुरेशी जोरात असली तर सुई पुन्हा उचलली जाते आणि नको त्या वेळी थोडे डिझेल गळते. त्याचा धूर होतो. यावर उपाय म्हणजे पंप आणि नोझल एकाच तुकड्यात, म्हणजेच युनिट इंजेक्टर. 1999 पासून आलेल्या जनरल मोटर्स पद्धतीच्या डब्ल्यूडीजी-4 या 4000 अश्वशक्तीच्या इंजिनात तोच आहे.

तिसरा फरक कॉमन रेलचा. वरच्या दोन्ही पद्धतींत दाब कॅम देतो, म्हणून इंजिन मंद चालले की दाबही उतरतो. कॉमन रेलमध्ये पंप एका जाड नळीत दाब भरून ठेवतो आणि इंजेक्टर विजेच्या इशाऱ्यावर उघडतो. मोटारीत ही पद्धत 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 या गाडीत आली, तेव्हा दाब 1350 बारच्या घरात होता. थांबत-थांबत शहरात फिरणाऱ्या टपाल व्हॅनला अशा पद्धतीचा उपयोग होतो.

पण भुलू नका. फोक्सवॅगनने 1998 मध्ये युनिट इंजेक्टरने 2000 बारच्या वर दाब नेला आणि त्या गाड्या डिझेल पिण्यात काटकसरीच होत्या. तरी त्या कंपनीनेही नंतर कॉमन रेल घेतली, ती मुख्यतः आवाज आणि धुराचे नियम यांसाठी. डिझेल थोडे आधी फवारले तर खर्च घटतो, पण नायट्रोजनचे विषारी वायू वाढतात. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज-6 नियमांत नवीन गाड्यांना दोन्ही सांभाळावे लागते.

यातून आपण काय घ्यायचे? एकाच नमुन्याची दोन इंजिने सारखे डिझेल पीत नाहीत. नोझल ठिबकत असेल, स्प्रिंग ढिली असेल, पंपाचे टायमिंग मागे असेल, तर उत्तम लोको पायलट किंवा व्हॅनचालकही ते डिझेल वाचवू शकत नाही. म्हणून खर्चाच्या नोंदीशेजारी इंजेक्टरची शेवटची चाचणी, पंपाची तपासणी, ओझे आणि उभे राहिल्याचा वेळ लिहिला गेला पाहिजे. त्याशिवाय माणसामाणसांची तुलना करणे अन्यायाचे आहे. तसेच इंजेक्टर ठीक असेल आणि खर्च तरीही जास्त असेल, तर आपणही आपल्या चालवण्याकडे पाहिले पाहिजे.

फिटर बंधूंना दोन गोष्टी सांगतो. चाचणी-स्टँडवर फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका. डिझेल कातडीतून आत घुसते, वर फक्त ठिपका दिसतो, आणि उशीर झाला तर बोट गमवावे लागते. तसे झाले तर ठिपका दुखो न दुखो, लगेच इस्पितळ गाठा. आणि जुन्या इंजिनात बंद सिलिंडर शोधायला आपण चालू इंजिनाची नळी सैल करतो. कॉमन रेलवर ते कधीही करू नका. ती तपासायला योग्य यंत्र आणि प्रशिक्षण लागते. नवीन गाडी ताब्यात घेताना दोन्हींची मागणी करा.

रेल्वेचे ब्रॉडगेज जाळे आता बहुतेक विजेवर गेले आहे. तरी डिझेल इंजिने आणि टपालाच्या डिझेल गाड्या अजून आपल्याच हातांत आहेत. आता तुमचे प्रश्न विचारा. शेडमधले आणि गॅरेजमधले अनुभवही सांगा.