खोट्या माशाची निवड

चैत्र लागला की कोकणात कैरी, काजू आणि फणसाच्या गोष्टी सुरू होतात. खाडीकाठच्या आम्हा माणसांत मात्र आणखी एक प्रश्न फिरत असतो : जिताडा लागतोय का?

पूर्वी गळाला जिवंत कोळंबी किंवा बोयचं पिल्लू लावत. आता हौशी मंडळींच्या हातात रॉड, रीळ आणि नकली मासा आला आहे. त्याला ‘ल्युअर’ म्हणतात. दुकानात गेलं तर बांगड्यांच्या दुकानासारखे रंग! माझा भाचा गोंधळून विचारतो, ‘‘मामू, यातला कुठला घेऊ?’’ मी म्हणतो, ‘‘बाबा, दुकानदाराला नको, पाण्याला विचार.’’

पाण्याला पहिला प्रश्न : इथला मासा आज काय खातो आहे? काठाला बोटाएवढी बोय फिरत असेल, तर ल्युअरही बोटाएवढा हवा. संध्याकाळी कडेला कोळंबी उडत असेल, तर मऊ रबरी कोळंबी बरी.

दुसरा प्रश्न रंगाचा. आमच्या घरी चंद्राची तारीख दोन कारणांनी पाहिली जायची, सणासाठी आणि भरतीसाठी. ईदचा चंद्र दिसतो तेव्हा पाण्याला उधाण असतं. चंद्र अर्धा झाला की भांग येते. उधाणात पाणी जोराने धावतं, चिखल ढवळतो. अशा गढूळ पाण्यात नाजूक रंग वाया जातात. तिथे गडद काळा किंवा भडक पिवळा ल्युअर घ्यावा, आणि तो चांगला थरथरणारा असावा. माशाच्या कुशीवर एक रेघ असते. तिच्यामुळे त्याला पाण्यातली थरथर कळते. भांगेच्या दिवसांत पाणी निवळतं. तेव्हा चंदेरी पोटाचा, हिरवट पाठीचा साधा ल्युअर पुरतो.

तिसरा प्रश्न खोलीचा. ल्युअरच्या तोंडाशी प्लास्टिकची पट्टी असते. ती लांब आणि पुढे आलेली असेल तर ओढताना तो खोल बुडी मारतो; आखूड असेल तर वरच्या थरात राहतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला पृष्ठभागावर डुबुक-डुबुक करणारा ‘पॉपर’ही चालतो. ओहोटीला खारफुटीतलं पाणी जिथे खाडीत उतरतं, तिथे खडकाच्या किंवा मुळांच्या आडोशाला जिताडा आणि तांबोशी दबा धरून असतात. जिताडा भक्ष्य पाण्यासकट तोंडात ओढून घेतो. म्हणून ल्युअर घाईने ओढू नये. थोडा ओढावा, थांबावा, पुन्हा ओढावा.

हे थांबणं महत्त्वाचं का? फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाचा मच्छीमार होता. त्याच्या लक्षात आलं, की मोठा मासा थव्यातल्या वेड्यावाकड्या पोहणाऱ्या, जायबंदी पिल्लावर आधी झडप घालतो. १९३६ साली त्याने बुचाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली, वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. तो मासा लंगडत पोहायचा, आणि त्यामुळेच चालला. आम्हा कवींनाही यात धडा आहे. नक्कल कितीही हुबेहूब असली तरी ती हलली नाही, तर तिच्याकडे कोण वळणार?

आता शेवटचा प्रश्न, आणि तो पाण्याने आपल्याला विचारलेला आहे. जिताडा आधी नर असतो; काही वर्षं वाढून मोठा झाला की मादी होतो. म्हणजे खूप मोठा, फोटोला शोभणारा जिताडा बहुधा आई असतो. पावसाळ्यात ती खाडीच्या मुखाकडे अंडी घालते. चैत्र-वैशाखात तिला उचललं, तर पुढची पिढीच उचलली.

जिवंत आमिष मासा पुष्कळदा पोटापर्यंत गिळतो. ल्युअर बहुतेक वेळा ओठालाच अडकतो, म्हणून मासा जिवंत सोडता येतो. तेव्हा ल्युअर निवडताना त्याचे गळही निवडा. तीन तोंडांचा गळ काढून एकेरी लावा, त्याचा उलटा दात पकडीने दाबून टाका. मासा ओल्या हातांनी धरा, पोटाखाली आधार द्या आणि लवकर सोडा. फाटलेलं रबर आणि तुटलेली दोरी खिशात घालून घरी आणा. खाडीत ती कुजत नाहीत.

जाळ्यावर ज्याचं घर चालतं, त्या कोळी-दालदी भावांना मी हे सांगत नाही. त्यांचा तो पोटाचा प्रश्न आहे. आपली हौस आहे, आणि हौसेला संयम परवडतो. खाण्यापुरता एखादा मध्यम मासा जरूर घरी न्या.

भाच्याला मी तीनच ल्युअर घ्यायला लावले : एक चंदेरी, एक काळा, एक रबरी कोळंबी. उरलेल्या पैशांत एक चांगली पकड आली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)