आधी लाइन क्लिअर
आपल्या एचएसआर लेआउटजवळच, सिल्क बोर्डला एक स्कूटरस्वार डोक्यावर आपटला. बेशुद्ध, घशात घरघर. मी पाण्याची बाटली पुढे केली. एका नर्सबाईंनी माझा हात अडवला. "पाणी श्वासनळीत जाईल!" बेशुद्धीत जीभ मागे पडून श्वासाची वाट अडते. बाईंनी मान न हलवता दोन्ही हातांनी जबडा पुढे उचलला, घरघर थांबली. प्राणवायूविना मेंदू काही मिनिटांतच निकामी होऊ लागतो. उलटी झाल्यास डोके, मान, धड एका रेषेत ठेवून तिघाचौघांनी कुशीवर वळवा. १०८ लावा. कायद्याला घाबरू नका. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. निमहान्स होसूर रोडवरच आहे, पण तिथवर श्वास टिकायला हवा. आम्ही रेल्वेवाले आधी लाइन क्लिअर बघतो, इथेही तेच. गणपती बाप्पा मोरया!